जंतूच्या आतला विषाणू आणि काकांच्या पाच गोळ्या

"हिच्या किडन्या सध्या काम करत नाहीत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. थोरले काका माझ्यासाठी मोसंबी सोलत होते. मॅडमनी ती बंद करायला सांगितली; फळातलं पोटॅशियम बंद किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. "फळानं काय व्हतंय?" म्हणून काकांनी स्वतःच खाल्ली.

आजाराचं नाव हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट्स घटतात आणि किडन्या बंद पडू लागतात.

त्याच्या दहा-बारा दिवस आधी आम्ही सोलापूरहून करकंबला, काकांच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. काकांनी गाईची धार काढून, न तापवलेल्या दुधाचा पेला माझ्यापुढे धरला. धारोष्ण दूध हा त्यांचा खास पाहुणचार. "पी की गं! विंग्लिश शाळेत दूध पिशवीला येतं म्हून शिकवत्यात का?" सगळे हसले. मी प्यायले.

चौथ्या दिवशी पोटात मुरडा, मग जुलाब, मग नुसतं रक्त. ताप नव्हता. काका धावत आले, स्वतःच्या आजारपणातून उरलेल्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या घेऊन. "टेस्टबिस्ट कशाला? लई पावरफुल हाय." आईने थोरल्या दिरांपुढे आजवर तोंड उघडलेलं नाही. पाण्याचा ग्लास तिनेच दिला.

जुलाब थांबले. काकांनी ही बातमी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितली. त्यांचे फोन चालू असतानाच माझा चेहरा सुजला आणि लघवी बंद झाली.

शौचाच्या तपासणीत ई. कोलाय हा जंतू सापडला; तो बहुधा न तापवलेल्या दुधातून आला होता. मॅडमनी समजावलं, "सगळे ई. कोलाय वाईट नसतात. पण काहींच्या आत एक विषाणू दडून असतो. त्याला फाज म्हणतात. शिगा टॉक्सिन हे विष बनवायची कृती त्या विषाणूकडे असते. जंतूवर संकट आलं की विषाणू जागा होतो, जंतूला फोडून बाहेर येतो आणि विष पसरतं. काही अँटिबायोटिक्सनी तो जागा होऊ शकतो."

"म्हणजे गोळ्यांमुळे झालं?" आईने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत. गोळ्यांशिवायही होतं. पण मी दिल्या नसत्या."

"डॉक्टर लोकं दुसऱ्याच्या औषधाला नावं ठेवणारच," काका म्हणाले. एवढा आत्मविश्वास मी फक्त काहीच न वाचलेल्या माणसांत पाहिला आहे.

चार वेळा डायलिसिस झालं. म्हणजे यंत्राने रक्त धुणं. बाकी दिवस फक्त वाट पाहणं. लघवी पुन्हा सुरू होते की नाही, यावर माझं पुढचं आयुष्य ठरणार होतं. नवव्या दिवशी भांड्यात तळ झाकेल एवढी आली. सिस्टरनी ती उजेडात धरून पाहिली आणि माझा खांदा दाबला. त्यांचे आणि मॅडमचे आभार मानताना मला रडू आलं.

जुलाबात रक्त दिसलं तर घरातल्या कुणाचीही गोळी घेऊ नका. आधी तपासणी करा. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या.

डिस्चार्जच्या दिवशी आई म्हणाली, "काकांच्या पाया पड. किती केलं त्यांनी!"

मी पडले नाही. काका हसून म्हणाले, "असू दे, लाजाळू हाय पोरगी."


मी तो गैरसमज तसाच ठेवला आहे.