नव्वदवर अडकलेला काटा

मीटरमामाच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल होतं आणि त्याचा एक पाय आखूड होता. मी दारात दिसलो की तो मान वर न करताच म्हणायचा, "या राजे, सिंहासन रिकामं आहे." नाटकांतून मी जन्मभर राजेच जास्त केले, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. स्वतः त्याने एकही नाटक पाहिलं नव्हतं. "तीन तास एका जागी बसायचं आणि हाताला काम नाही? शिक्षाच की ती!"

दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. जुन्या मोटरसायकलींचे, केबलवर चालणारे वेगाचे मीटर तो दुरुस्त करायचा. दुसरं काही नाही. माझ्या गाडीचा मीटर चिरचिरायला लागला आणि काटा वीस ते साठ अशा उड्या मारू लागला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो. त्याने पुढचं चाक हाताने फिरवलं, मीटरला कान लावला आणि म्हणाला, "काटा मालकावर गेलाय. प्रसंग नसताना हातवारे करतो."

मग केबल ओढून काढली, रॉकेलमध्ये धुतली आणि खालून वर ग्रीस लावत आला. टोकाला चार बोटं उरली तिथे हात थांबला.

"एवढं कोरडंच ठेवायचं. हौशी लोक वरपर्यंत थापतात, मग ग्रीस फिरत फिरत मीटरात चढतं. आत चुंबक फिरतं, त्याच्यावर ही ॲल्युमिनियमची वाटी. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, नुसत्या ओढीवर काटा हलतो. मधे ग्रीस शिरलं की वाटी चिकटून ओढली जाते आणि तिसाला नव्वद दाखवते. माझ्या हातून आजवर एकदाही झालेलं नाही."

"बाबा मीटर दुरुस्त करत नाहीत, त्यांना सोवळ्यात ठेवतात," आतून त्याचा मुलगा म्हणाला, आणि सूनबाई हसली. ते हसणं मला आठवतं. कारण पुढे त्या घरात कुणी हसलं नाही.

मुलगा एका धुक्याच्या सकाळी गेला. वळणावर ट्रक उभा होता, त्याच्यावर मागून आदळला. गाडीचा चेंदामेंदा झाला, मीटरची काच फुटली आणि काटा तबकडीत रुतला तो बरोबर नव्वदवर. ज्याने त्याने तो काटा पाहिला. गल्लीने निकाल दिला, पोरगा उडत होता.

त्या सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. कारण एवढंसं, पण सूनबाई रागाच्या भरात बोलून गेली होती, "जा, परत तोंड दाखवू नका." आता ती भेटेल त्याला सांगायची, "रागात गेले ते. मी घालवलं त्यांना." दूधवाल्यालाही सांगायची. ताटावर बसायची आणि तशीच उठायची. आई न्यायला आली तर गेली नाही. एके दिवशी पुलाच्या कठड्याशी उभी सापडली. शेजारणीने हाताला धरून घरी आणली.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी स्टुलावर बसलो असताना ती आतून आली. हातात तो मीटर होता. मामाने फडक्यात बांधून कपाटावर ठेवलेला.

"बाबा, जगाचे मीटर उघडता. हा का नाही उघडत?"

"काय करायचंय उघडून?"

"ते किती जोरात गेले, ते मला एकदा कळू द्या. मग माझं मी बघते."

त्या 'बघते'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

त्याने मीटर घेतला. बारीक स्क्रूड्रायव्हरने दुमडलेली कड थोडी थोडी उचलत गेला. शेवटचा भाग राहिला तेव्हा म्हणाला, "पोरी, आतून बॅटरी आण. दिसत नाहीये."

ती वळली. त्याने कड काढली आणि वाटी उजेडाकडे धरली. मी शेजारीच होतो. वाटी लख्ख होती, कोरडी ठणठणीत. चुंबकावर धुळीचा कण नव्हता. काम अस्सल होतं आणि काटा खरं बोलत होता.

मामाने डोळे मिटले. मग करंगळी ग्रीसच्या डब्यात बुडवली, वाटीच्या आतून फिरवली, चुंबकाला लावली आणि बोट पायजम्याला पुसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बॅटरी आली. "हे बघ," तो म्हणाला. "ग्रीस. चिरचिर करतो म्हणून त्यानेच हा माझ्याकडे आणला होता. मी घाईत वरपर्यंत भरलं. तिसाला नव्वद दाखवत असणार. तो हळूच चालला होता गं. धुक्यात ट्रक दिसला नाही, एवढंच."

ती वाटीकडे बघत राहिली. तिने बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?" तिचा आवाज चढला. "तुमच्या बोटभर ग्रीसपायी मी रोज मरत होते, आणि तुम्ही ते कपाटावर ठेवून जेवत होतात?"

तिने डबा उचलून भिंतीवर फेकला. मामा जागचा हलला नाही.

नवऱ्याच्या नावावरचा डाग धुऊन काढायचा म्हणून तिने सगळ्या गल्लीला सांगितलं. बाबांचा हात चुकला, मीटर खोटा होता. लोक खात्री करायला यायचे आणि मामा मान डोलवायचा. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं गळाली. उरलेली डोळ्यांत तेल घालून त्याच्या हाताकडे बघत उभी राहायची. सूनबाई शिवणाच्या कारखान्यात जायला लागली. त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. त्याचं ताट लांबून सरकवायची.

एकदा मला राहवलं नाही. "अरे, आता सावरलीय ती. खरं सांगून टाक. निदान तुझ्याशी बोलेल तरी."

"काय सांगू? नवरा नव्वदने गेला, हे?" त्याने हातातली केबल बोटांवर गुंडाळली. "रागावलीय ना ती माझ्यावर? रागावलेलं माणूस जेवतं, राजे."