चातुर्मासातलं भरीत

श्रावण लागला तसं माझ्या बायकोनं जेवण टाकलं. ताप उतरला, पण घास उतरेना. साखरेच्या आजाराची गोळी उपाशी पोटी घेतली की तिला घेरी यायची. दोडकं केलं, मुगाचं वरण केलं, ताट तसंच परत. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण कोणापुढं हात जोडले नव्हते. दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईपुढं जोडले.

त्यांनी गोळी अर्धी केली आणि म्हणाल्या, आवडतं ते द्या. मी म्हटलं, तिला आवडतं वांग्याचं भरीत, पण वांग्यानं खाज सुटते, वात धरतो म्हणतात. बाई म्हणाल्या, एखाद्याला सोसत नाही. तुमच्या घरी तर जन्मभर खातात. वांग्यात साखर थोडी, चोथा भरपूर. पोट साफ राहतं, साखर एकदम चढत नाही. फक्त तेलात बुडवू नका, वांगं तेल फार पितं. भाजून, भाकरीसोबत द्या. आणि हे अन्न आहे आजोबा, औषध नव्हे.

बाजारातून मोठं, वजनाला हलकं वांगं निवडून आणलं. हलक्यात बी कमी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या आरावर भाजलं. घरभर वास सुटला. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"चातुर्मास हाये. चंपाषष्ठीले देवाले दाखवल्याबिगर मी वांगं खात नाही."

चंपाषष्ठी म्हणजे दिवाळीच्याही पुढं. तोवर ही राहते की नाही, ते तिचं मनगट पाहूनच कळत होतं. मी समजावलं, ओरडलो. आजाऱ्याला देव माफ करतो म्हटलं. शेवटी, तू नाही तर मीही जेवत नाही, म्हणून ताट सरकवलं.

"बसा उपाशी," ती म्हणाली. "हट्ट मी तुमच्यापासूनच शिकली."

दुपार टळली. दोघंही तसेच. मग तीच हळू बोलली, "माहा नेम तुमी घ्या. चंपाषष्ठीपावतर तुमी वांगं खायचं नाही. मंग खातो मी."

आयुष्यात मी एक उपास धरलेला नाही. चपला काढायच्या कंटाळ्यानं देवळाच्या पायरीवरून परत आलेला माणूस. पण हातावर पाणी घेतलं आणि सोडलं. तिनं दोन घास खाल्ले.

तेव्हापासून मी रोज वांगं भाजतो. मला चाखता येत नाही, म्हणून मीठ तिलाच विचारावं लागतं. परवा म्हणाली, कमी हाये. काल नुसती मान हलवली. आज ताट घेऊन कधीचा बसलोय, विचारतोय, मीठ बरोबर पडलं का?

ती अजून बोललेली नाही.