धाकट्याची संध्याकाळ

आमचे वडील दारूनं गेले. दादानं जन्मात थेंब घेतला नाही. धाकट्याला मात्र रिक्षा चालवायला लागल्यापासून लागली. गावात सगळे म्हणायचे, "एका आईची पोरं, पण मोठ्याचा मनावर ताबा हाय." मधली बहीण म्हणून मलाही तसंच वाटायचं.

बायको माहेरी निघून गेल्यावर धाकटा रेवदंड्याची खोली सोडून माझ्याकडे मुरुडला आला. दारातच म्हणाला, "ताई, मला सोडायची हाय. इथं राहू दे."

सकाळी तो चांगला असायचा. वाडीत नारळ सोलायचा, माझ्या मिस्टरांबरोबर बाजारात जायचा. उन्हं कलली की हात थरथरायला लागायचे. मग म्हणायचा, "बाहेरून कडी घाल." मी कडी घालून ओटीवर तांदूळ निवडत बसायची. आत त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. कधी भिंतीला डोकं टेकून नुसता कण्हायचा. जेवायला बाहेर येई तेव्हा बनियन घामानं भिजलेलं असायचं. पावसाळा गेला, भातं कापून झाली, तरी त्यानं तोंडाला लावली नाही. अंगानं भरला. बायकोला फोन करायला लागला.

उन्हाळ्यात बोर्लीजवळच्या आमच्या गावी दादाच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला मांडवामागं बाटल्या होत्याच. माझी नजर धाकट्यावरून हलत नव्हती. तो सरबताचा ग्लास घेऊन म्हाताऱ्यांत बसला, नाचला, त्यानं पाहुण्यांना वाढलं. लग्नही नीट पार पडलं.

परतताना भरदुपारी आम्ही दिघीच्या जेट्टीवर लाँचची वाट बघत होतो. तो खुशीत होता. "आता तिला आणायला जातो," म्हणाला. मग पाण्याची बाटली आणायला गेला. लाँच लागली, माणसं चढली, तरी याचा पत्ता नाही. मी शोधत गेले. रस्त्याकडेच्या दारूच्या दुकानामागं तो उभा होता. हातातला ग्लास रिकामा होता.

"काय झालं रे?" मी ओरडले.

"काय न्हाय झालं, ताई." तो घाबरून माझ्याकडे बघत होता. "खरंच काय न्हाय. पाय इकडं वळले."

तो माझ्याकडे परत राहिला नाही. रेवदंड्याला गेला. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले. शेवटी दादानं त्याला गावी नेलं, लहान मुलासारखं न्हाऊ घातलं, भरवलं. त्या पावसाळ्यातच तो गेला.

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. कुणीतरी दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "तुझ्यासारखा संयम त्याला असता तर..."

कधी आवाज न चढवणारा दादा खेकसला, "कसला संयम? मला कधी प्यावीशीच वाटली न्हाय. एकदाही न्हाय. झगडत व्हता तो!"

भटजी खाली मान घालून दर्भ नीट करत राहिले.

घरी येताना दादानं मला विचारलं, "मग त्यालाच का? मला का न्हाय?"

माझा मुलगा आता कंपनीत लागलाय. कामावरून आला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. तो चिडतो. कुणावर गेलाय, ते मला अजून ओळखता आलेलं नाही.