टेम्परेचर मीटरवरचं कुंकू

बोईसरला नवापूर रोडवर माझं सीटकव्हरचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात प्रफुल्ल चुरी गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. एकवीस वर्षांच्या शेजारात मी त्याच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द ऐकला नव्हता. काटा अडकला तर दोष धुळीचा, काच तडकली तर उन्हाचा. पण हातात कसब असं, की पार गुजरातेतून जुन्या ट्रकांचे मीटर त्याच्याकडे येतात. भंगारातून त्याच काळातला, त्याच कंपनीचा मीटर शोधायचा, त्याचे अवयव ह्यात बसवायचे, पण तबकडीला नवा रंग लावायचा नाही. आकडे फिके झाले असतील तर फिके. ह्या सोवळ्यावरून मी त्याला येताजाता चिडवतो.

पालघरजवळच्या माहीमच्या अण्णा साव्यांचा पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रक त्यांचा मुलगा शैलेश पुन्हा उभा करत होता. इंजिन पालघरला बांधून झालं होतं. डॅशबोर्डचे चार मीटर त्यानं खोक्यात घालून प्रफुल्लकडे आणले. तीन सहज झाले. चौथा, इंजिनाची गरमी दाखवणारा, हट्टी निघाला. त्याच्या तांब्याच्या नळीतला थोडा वायू कधीच गळला होता आणि काटा वर्षानुवर्षं कमीच दाखवत होता. दीड महिन्यानं भंगारात जोड सापडली. प्रफुल्लनं नळीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं, काटा बरोबर शंभरावर गेला, आणि त्या दिवशी त्यानं मला स्वतःहून चहा पाजला. असं फार वेळा होत नाही.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा कुंकवाची बोटं डॅशबोर्डवरही उमटतात. आलेला मीटर आधी रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, ही प्रफुल्लची रीत. ह्या काचेवरही तेलात कालवलेल्या कुंकवाचा एक ठिपका होता. तोही त्यानं पुसला.

मीटर बसवायला आम्ही माहीमला गेलो. मला सीटचं माप घ्यायचं होतं. प्रफुल्ल स्क्रू आवळत असताना शैलेशनं काचेकडे पाहिलं आणि विचारलं, आईचा ठिपका कुठे गेला? मग त्याच्याकडून सगळं कळलं. केळी आणि विड्याची पानं घेऊन अण्णा नाशिकला जायचे तेव्हा शैलेशची आई, मंदाकाकू, शेजारी बसायच्या. वाघोबाच्या खिंडीत गाडी उकळायला यायची, पण काटा निम्म्यावरच. मंदाकाकूंनी नेमक्या त्या जागी काचेवर कुंकू लावलं. काटा तिथे आला की त्या गाडी थांबवायला लावून पाणी घालायच्या. दर दसऱ्याला त्या तिथेच पुन्हा बोट टेकवायच्या. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्यानंतर त्या ठिपक्याला कुणी हात लावला नव्हता.

अण्णा वाडीतून काठी टेकत येत होते. शैलेश हळूच म्हणाला, घरात कुंकू आहे, चटकन लावून टाका, अण्णांना दिसत नाही नीट. खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटलं. प्रफुल्ल मात्र खाली उतरला आणि अण्णांसमोर जाऊन उभा राहिला.

“अण्णा, मंदाकाकूंचं कुंकू मी पुसलं. माजं चुकलं.”

अण्णा ट्रकमध्ये कष्टानं वर चढले आणि त्या काचेवरून अंगठा फिरवत बसले. मला प्रफुल्लचा राग आला. एवढ्याशा खोट्यानं काय बिघडलं असतं?

मग इंजिन लवकर तापावं म्हणून अण्णांनी रेडिएटरवर गोणपाट टाकायला सांगितलं आणि इंजिन सुरू केलं. डोळे मिटून ते ऐकत राहिले. काटा निम्म्यावर आला तेव्हा प्रफुल्ल म्हणाला, ठिपका इथे होता. अण्णांनी मान हलवली. काटा बराच पुढे गेला, इंजिनाचा आवाज जड झाला, तेव्हा ते म्हणाले, “आता. आता ती थांबवायची.”

इंजिन बंद झालं. शैलेशनं वाटीत तेल-कुंकू आणलं.

“मीटर खोटं सांगायचा, म्हणून तिनं तिथं लावलेलं,” अण्णा प्रफुल्लला म्हणाले. “आता खरं सांगतो, तर इथं लाव.”

मुलानं लावावं, असं म्हणत प्रफुल्ल मागे सरकला.

“तूच लाव. पुसलंस तू.”

प्रफुल्लनं बोट बुडवलं. केसाएवढी स्प्रिंग अचूक बसवणारा तो, पण ठिपका मोठा उमटला, जरा ओघळलाही. तो पुसायला फडकं शोधू लागला, तर अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “गाडी हलायची ना, तिचाबी असाच यायचा.”