शी मागणारे माझे साडू

लहान मुलांच्या शीबद्दल माझ्या साडूंइतक्या आदराने बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. रोटाव्हायरसची लस यायच्या आधीची ही गोष्ट. या विषाणूने जुलाब लागले की तान्ही पोरं पार गळून जातात. लस आणायची तर आधी तो किती पोरांना गाठतो हे कळायला हवं. म्हणून राजारामपुरीतल्या एका इस्पितळात जुलाबाने दाखल झालेल्या पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाची शी तपासायला पाठवायची आणि फॉर्म भरायचा, हे साडूंचं काम. ते संध्याकाळी सहाला संपायचं. साडूंचं मात्र संपायचं नाही. आमच्या भाचीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे वडील पोट बिघडल्यामुळे जिलबी नको म्हणाले, तर यांनी भर पंगतीत विचारलं, “चोवीस तासांत कितीदा? पातळ, का पाण्यासारखी?” शेजारच्या दोघांनी मठ्ठ्याची वाटी बाजूला सारली. माझी मेव्हणी, म्हणजे यांची बायको, चार दिवस यांच्याशी बोलली नाही. साडूंना ते पाचव्या दिवशी कळलं.

इस्पितळात मात्र शी मागणं सोपं नव्हतं. पेठ वडगावची एक आजी नातवाला घेऊन आली होती. ती म्हणाली, “लेकरू आजारी हाय, आन् तुमास्नी त्याची शी पायजे व्हय? करणी करायची हाय का काय, पावणं?” साडू शांतपणे म्हणाले, “आजी, करणी करणारा केस मागतोय, नखं मागतोय. शी कोण मागंल का?” आजी विचारात पडली. “ते बी खरंच की,” म्हणाली. मग साडू हातात बाटली घेऊन दोन तास त्या पोराच्या खाटेशी बसून राहिले. एखादा भक्त देवळाचं दार उघडायची वाट बघतो, तसे.

दुसऱ्या दिवशी जुलाब चालूच होते, पण उलट्या थांबल्या म्हणून, डॉक्टर नको म्हणत असताना, त्या लोकांनी पोराला घरी नेलं. घरात काकाचं लग्न होतं. साडूंची बाटली तपासणीला गेली होती, काम झालं होतं. तरी संध्याकाळी ते स्कूटर घेऊन माझ्या दारात उभे. “साडभाऊ, फॉर्ममधला एक रकाना ऱ्हायलाय. वडगावला जाऊन येऊ.”

तिथे मांडवाची धांदल होती आणि आजीच्या मांडीवर पोर मलूल पडलं होतं. साडूंनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगातलं पाणी आटलं की राहते, तशी घडी तशीच राहिली. “पाणी?” त्यांनी विचारलं. “पाणी दिलं की परत हुतंय, म्हणून बंद केलंय,” आजी म्हणाली. मला वाटलं, हे आता भडकणार. पण ते खाली बसले, खिशातली क्षारांची पुडी पाण्यात कालवली आणि चमच्याने थेंब थेंब पाजायला लागले. पाजता पाजता हळूच म्हणाले, “आजी, लगीन तुमच्याबिगर बी हुईल. पोराला आत्ता सलाईन पायजे. चला.” आजी चप्पल न घालताच उठली. नवरदेवाने स्वतः खुर्च्या उतरवून टेम्पो मोकळा केला. परत येताना मी तो फॉर्म पाहिला. एकही रकाना रिकामा नव्हता.

तिसऱ्या दिवशी पोराने साडूंच्या अंगावर चमचा फेकला. साडू तो किस्सा आठवडाभर सांगत हिंडले.

पुढे लस आली. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात, म्हणजे या जुलाबांच्या ऐन हंगामात, साडू दुपारी चारलाच आमच्याकडे आले.

“आज एक बी पोर आलं न्हाय बघा,” ते म्हणाले.

“चांगलंच की.”

“चांगलंच हाय,” ते म्हणाले आणि खिशातली क्षारांची पुडी काढून उलटसुलट करत बसले. चहा निवून गेला. मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, “शेजारची ती बारकी पोरगी घरात हाय का? जरा बघून येतो.”

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिच्या खिदळण्याचा आवाज आला. साडूंचा चहा मी पुन्हा गरम करायला ठेवला.