पडायला दोन इंच : म्हैसूर ते गुलमर्ग

पाय फळीला बांधून बर्फावरून घसरत यायचं, हे खूळ सौरभचं. तो मूळचा नाशिकचा, म्हैसूरच्या हेब्बाळमधल्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तिसरी चैत्रा, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची, कन्नड बोलणारी. आम्हा तिघांपैकी एकानेही फ्रिजबाहेरचा बर्फ पाहिला नव्हता, त्यामुळे चर्चेला जोर भरपूर. सौरभला गुलमर्ग हवं होतं. चैत्राला सोलंग, कारण तिची मावसबहीण तिथे जाऊन आली होती. मी औलीच्या बाजूने, कारण कुणीतरी असायला हवं. तीन आठवडे कंपनीच्या बसमध्ये आणि कॅन्टीनमध्ये हाच विषय चघळला. निकाल लागला तो आमच्या घरी, आणि लावला अप्पांनी.

अप्पा म्हणजे माझे वडील. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिंप्याचं दुकान, चाळीसेक वर्षांचं. पण दिवाळीआधी एका गिऱ्हाइकाने लग्नाचा कोट ‘बसत नाही’ म्हणून परत आणला आणि चार लोकांसमोर नको ते बोलला. अप्पांनी ऐकून घेतलं, शटर ओढलं आणि पुन्हा उघडलंच नाही. मशीन हिनकलच्या आत्याच्या सुनेला देऊन टाकतो म्हणायचे आणि दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मला ते बघवेना. म्हणून एका रविवारी दोघांना घरी बोलावलं आणि त्यांच्या देखत म्हटलं, “अप्पा, आम्हाला बर्फात घालायच्या तीन पँट शिवून द्या.”

“मंजूत घालायला? मंजू बघायला येवढं लांब कशाला, सुम्ने, उगीच? मडिकेरीत सकाळी मंजूच मंजू आहे की.”

कन्नडात धुक्यालाही मंजू म्हणतात आणि बर्फालाही, आणि आमच्या घरच्या मराठीत निम्मे शब्द कन्नडच आहेत. सौरभ खो खो हसला. मी मोबाइलवर गुलमर्गचा व्हिडिओ लावला. अप्पांनी चष्मा चढवून तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “ही मंजू ओली की कोरडी?”

तीन आठवड्यांत हॉटेलं, विमानं, जेवण, सगळं शोधून झालं होतं. हे कुणालाच सुचलं नव्हतं.

“ते कळल्याशिवाय कापड कसं घेऊ? ओली असली तर रेनकोटचं पाहिजे, आत घाम कोंडतंय. कोरडी असली तर हलकं चालतंय. विचारा की फोन करून!”

मग तिन्हीकडच्या शिकवणाऱ्यांना फोन लावले. औलीचा म्हणाला, यंदा किती पडेल सांगता येत नाही. सोलंगचा माणूस प्रामाणिक. खालच्या उतारावर दुपारी ओलसर होतं, म्हणाला. गुलमर्गचा बशीर म्हणाला, “सूखी है मॅडम, आटे जैसी.”

“पिठासारखी,” अप्पा चुटकी चोळत म्हणाले. “म्हणजे झटकली की पडते. गुलमर्ग. जा, पक्कं करा.”

सौरभने तर टाळ्याच वाजवल्या. पण अप्पांचं संपलं नव्हतं. “ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाला माल दिला नाही. ही ट्रायल मंजूतच घ्यायला पाहिजे. मीपण येतो. पँट बसल्या तर शटर उघडतो. नाहीतर मशीन हिनकलला.” हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. सहल आता आमची राहिली नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: म्हैसूरहून बेंगळुरूच्या विमानतळाला थेट बस आहे, चार-साडेचार तास धरा. पुढे दिल्लीमार्गे श्रीनगर. काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेड असू द्या. दिल्लीत धुक्यामुळे विमान पाच तास लटकलं. अप्पा काचेबाहेर बघत म्हणाले, “ही मंजू तर फुकटात मिळाली!”

श्रीनगरहून तनमर्ग तासा-दीड तासावर. तिथे गाडीच्या चाकांना साखळ्या बांधतात आणि मग शेवटचा चढ. बोर्ड, बूट आणि शिकवणारा मिळून माणशी दिवसाला तीनेक हजार पडले. घासाघीस करायची असेल तर ती आधीच करून घ्या. अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे जेवणाची मला धास्ती होती. पण भात, राजमा आणि हाक नावाची पालेभाजी सगळीकडे मिळाली, वर चैत्राने आणलेली चटणीपुडी. “चन्नागिदे,” म्हणत अप्पांनी दोनदा भात घेतला.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं अप्पांनी शिवलेल्या पँट घालून उतारावर. काळं कापड, आतून मऊ अस्तर, कंबरेला अशी बसलेली की बशीरने विचारलं, कुठल्या शोरूमच्या? अप्पा बाकावर बसून होते, गुडघ्यावर हात, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे. बशीर ओरडला, “घुटने मोडो! बैठो, और बैठो!” सौरभ बसला. टर्र आवाज झाला. पाठोपाठ चैत्राची शिवण गेली. माझी तेवढी वाचली, कारण मी बसायच्या आधीच पडले.

सौरभ पाठीमागे हात धरून उभा होता आणि तरी म्हणाला, “काका, काही नाही हो, माझंच वजन वाढलंय.” संध्याकाळी अप्पांनी भातही टाकला. “फिटिंग बरोबर होतं,” एवढंच दोनदा म्हणाले. मला त्या कोटवाल्या गिऱ्हाइकाचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. उगीच आणलं मी त्यांना, असं वाटत राहिलं.

सकाळी उठले तर अप्पा टोपी घालून तयार. काखेत पँटची घडी आणि उरलेल्या कापडांचं गाठोडं, जे ते म्हैसूरहून घेऊन आलेत हे मला ठाऊकच नव्हतं. “सुमा, इथं टेलर कुठं असतो?”

तनमर्गच्या बाजारात रसूल मास्टरांचं दुकान सापडलं. अप्पांच्याच वयाचे, पायाशी शेगडी, मशीनवर फिरन चढवलेला. फिरन म्हणजे तिथला पायघोळ, ढगळ अंगरखा. अप्पांनी त्याचं टोक उचलून आतबाहेर पाहिलं आणि आपल्या दखनी हिंदीत विचारलं, “इसमें फिटिंग कुच नै?”

मास्टर हसले. आपल्याच फिरनच्या आतून त्यांनी निखाऱ्यांची छोटी टोपली काढून दाखवली, जिला कांगडी म्हणतात. “इसमें आदमी भी रहता है, कांगडी भी. जगह तो छोडनी पडती है.”

अप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, “अय्यो, सुमा! मी तुम्हाला सरळ उभं करून माप घेतलं. आणि तुम्ही इथं येऊन उभं राहता कुठं?”

पुढचे तीन तास मी नुसती नून चाय पीत होते. गुलाबी, खारट, तिसऱ्या पेल्याला आवडायला लागते. दोन म्हातारे एका मशीनवर. पँटच्या दोन पायांच्या मधोमध चौकोनी तुकडा घालायचा, त्याला मास्टर मियानी म्हणाले; अप्पांनी गाठोड्यातून कापड काढून कापलं, मास्टरांनी शिवलं, आणि मग अप्पांनी उसवून पुन्हा स्वतः शिवलं. मास्टर रागावले नाहीत, उलट दिवा जवळ सरकवला. पैसे घ्यायला मात्र साफ नकार. अप्पांनी आपली छोटी कात्री त्यांच्या टेबलावर ठेवली आणि मागे न बघता बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी आम्ही मनसोक्त पडलो. पुढे, मागे, एकमेकांवर. बशीरने बसा म्हटलं की बसलो. एकही टाका सुटला नाही. दुपारी मी वीसेक पावलांचं अंतर उभ्याने घसरत आले आणि थेट अप्पांच्या बाकापाशी आपटले. तेवढ्यात बर्फ पडायला लागला. अप्पांनी तळहातावर घेतला आणि अंगठा-बोटात धरून चोळला, कापडाचा पोत बघतात तसा. “पीठ नाही गं,” म्हणाले, “रवा आहे, बारीक रवा.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

परत येऊन महिना होतोय. माझ्या कोपराचा काळानिळा डाग गेला, चैत्राची हौस फिटली, सौरभ पुढच्या डोंगराच्या मागे लागलाय. हिनकलच्या आत्याचा फोन आला, मशीन कधी पाठवतोस म्हणून. “बेड, नको, दुसरं बघा,” म्हणून अप्पांनी ठेवून दिला.

काल कंपनीतून परतताना दुकानावर गेले. एक कॉलेजचा मुलगा पँट शिवायला आला होता. अप्पांनी त्याला उभं करून माप घेतलं. मग म्हणाले, “आता उकिडवा बस.” तो गोंधळून बसला. अप्पांनी टेप लावली आणि मापाच्या वहीत कंबर, सीट, लांबी यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. मी खांद्यावरून डोकावून वाचली.

पडायला – २ इंच.