नुहादने घंटा वाजवली

माझी नणंद नुहाद हजच्या विमानांवर हवाई सेविका होती. म्हाताऱ्यांना पट्टा बांधताना ती त्यांची थट्टाही करायची, म्हणून त्यांना ती आवडायची.

त्या दिवशी अम्मानहून जेद्दाला जाताना वादळ टाळायला कॅप्टन फवाजने विमान बाजूला घेतलं आणि ते लष्कराच्या बंदी असलेल्या भागात शिरलं. मक्केची हद्द जवळ आली, तशी माणसं उठून 'लब्बैक', म्हणजे 'देवा, मी हजर आहे', म्हणू लागली. तेव्हा कॉकपिटमधल्या रेडिओचा आवाज कमी करायचा, ही आमच्याकडच्या वैमानिकांची जुनी रीत. खालून लष्कराचं कोणी तरी रेडिओवर हाका मारत होतं, त्या ऐकूच आल्या नाहीत.

मग डाव्या खिडकीबाहेर लढाऊ विमान आलं आणि त्याने पंख डुलवले.

फवाजने नुहादला बोलावलं. "माझ्यामागे या, म्हणतोय. मीही पंख डुलवले की त्याला कळेल, आपण ऐकतोय. सगळ्यांना बसव आणि बसले की घंटा दे, मग डुलवतो."

नुहाद ओरडत, हात जोडत मागे गेली. माणसं बसली. राहिल्या फक्त हाज्जा वस्फिया. नमाजासाठी हातपाय धुऊन, वुजू करून, ओल्या पायांनी, त्या शौचालयापाशी उभ्या.

"हाज्जा, तिथेच खाली बसा!"

"शौचालयाच्या दारात? आत्ताच पाक होऊन आलेय मी. तुझ्या कॅप्टनला म्हणावं, थांब जरा."

"तो थांबेल हो, बाहेरचा थांबणार नाही! तुमच्या पाया पडते, बसा!"

"पोरी, माझे गुडघे काय तुझ्यासारखे आहेत? येते हळूहळू."

तेवढ्यात खिडक्यांपुढून गोळ्यांची लाल रेघ गेली. माणसं किंचाळली. फवाज आतून ओरडला, "नुहाद! घंटा!"

घंटेचं बटण तिच्या हाताशी होतं. हाज्जा अजून वाटेतच होत्या, एक हात पुढे करून. नुहादने अल्लाहचं नाव घेतलं आणि घंटा वाजवली.

विमान एका अंगावर कललं, मग दुसऱ्या.

लढाऊ विमान पुढे झालं, त्याने चाकं खाली सोडली. उतरा, अशी ती खूण. फवाज त्याच्यामागोमाग लष्कराच्या धावपट्टीवर उतरला. बाकी सगळे वाचले होते. हाज्जांचं डोकं नुहादच्या मांडीवर होतं. त्यांचा श्वास थांबला होता.

त्यांचा मुलगा मिथकाल पुढच्या रांगेतून धावत आला. "ताई, तू सगळ्यांना बसवलंस ना? मग आई पडली कशी?"

फवाज मागे येऊन उभा होता. वादळाच्या धक्क्याने पडल्या म्हण, असं त्याने डोळ्यांनीच सुचवलं.

"त्या उभ्या होत्या," नुहाद म्हणाली. "मला दिसत होत्या. तरी घंटा मीच वाजवली."